आठवं वर्ष की बारावं

कुआला तेरेंगानू
४ एप्रिल १९९३

प्रिय बेदाह,

अस्सलाम आलेकुम.

ईदला तुझ्याकडून परतले त्याला आठवडा झाला. डेरामान समुद्रात गेला तो आलाच नाही, त्यानंतर सोळा महिन्यांनी मी पहिल्यांदा तुझ्या दारात पाय ठेवला. सख्ख्या भावाची बायको आणि लेक, आणि मी सोळा महिने तोंड दाखवलं नाही. तू त्याबद्दल चकार शब्द काढला नाहीस. उलट ताटात दुसऱ्यांदा भात वाढलास. दोन टोमणे मारले असतेस तर बरं वाटलं असतं.

आता वानीबद्दल. अठरा वर्षं दातांच्या सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून काढली, त्यामुळे मला माणूस आधी दातांनी दिसतो आणि मग नावाने. तिचे वरचे पुढचे दोन दात ओठांच्या बाहेर येतात. दुपारी झोपली होती तेव्हा पाहिलं, झोपेतही ओठ मिटत नाहीत. तुझी नजर चुकवून मी बोट लावून बघितलं. वरच्या आणि खालच्या दातांमध्ये माझ्या करंगळीचं टोक सहज बसलं. आणि हसताना ती तोंडावर हात धरते. पाहिलंस ना?

हे आमच्या घराण्याचे दात. बाबांचे असेच, डेरामानचे असेच, माझेही असेच होते. मी सव्विसाव्या वर्षी सरळ करून घेतले. चार दात काढावे लागले आणि तीन वर्षं गेली. लहानपणी हाड कोवळं असतं, एवढा त्रास होत नाही. आमच्या डॉक्टर पुष्पलीला म्हणतात, सात-आठ वर्षांच्या मुलाला एकदा दाखवून न्यावं. दाखवलं म्हणजे लगेच तारा बसल्या असं नाही.

जूनच्या सुट्टीत तिला घेऊन ये. माझ्याकडेच राहा.

तुझी थोरली नणंद, तुझी काक लाँग,
रुस्नानी


तेलुक बायू
२ मे १९९३

काक लाँग यांस,

वालेकुम अस्सलाम. तुम्ही आलात त्यातच सगळं आलं. टोमणे कसले मारायचे? तुमचाही तो भाऊच होता.

वानीच्या दातांचं वाचलं. तुम्ही त्यातल्या जाणत्या, मी दिवसभर मासळीचे पापड लाटणारी बाई, तुमच्यापुढे काय बोलणार? पण गावातल्या म्हाताऱ्या माक चिक एम्बोंगच्या नातवाला बाराव्या वर्षी तारा बसवल्या. त्याच्या डॉक्टरांनीच सांगितलं होतं म्हणे, सगळे दुधाचे दात पडू द्या, मग बघू. आता त्याचे दात एका ओळीत आहेत. वानी तर आठचीच आहे. बाजूचे दुधाचे दात अजून हलतायत. शाळेत दात तपासायला येतात त्या बाईही म्हणाल्या, अकरा-बारा हे चांगलं वय.

मग घाई कशाला? चार वर्षांनी बघू, इन्शाल्ला.

तिला शाळेत कोणी चिडवत नाही. हात धरते ती सवय आहे, जाईल.

यासोबत पापड पाठवते. उन्हात वाळवलेले आहेत, पण तळण्याआधी पुन्हा एकदा ऊन दाखवा.

तुमची,
बेदाह


कुआला तेरेंगानू
२० मे १९९३

प्रिय बेदाह,

पापड पोचले. दवाखान्यात नेले तर मला दोनच मिळाले, एवढे मिटक्या मारत खाल्ले सगळ्यांनी.

तुझं म्हणणं चूक नाही. तुझं पत्र डॉक्टरांना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "तुझी भावजय बरोबर सांगतेय. दहा मुलांतल्या आठांना मीही अकरा-बारापर्यंत थांबायलाच सांगते. लवकर सुरू करा की उशिरा, शेवटी दात तिथेच येतात. लवकर करणाऱ्यांना फक्त दोनदा यावं लागतं."

मी म्हटलं, "आणि उरलेले दोन?"

"ज्यांचे दात इतके बाहेर आहेत की ओठ झाकू शकत नाहीत. ते मूल पडलं की जमिनीला आधी दात लागतात. आणि ज्याला बाकीची पोरं जगू देत नाहीत. या दोघांना मी थांबवत नाही."

वानी त्या दोनांतली आहे, बेदाह. तारा आत्ता नाहीतच. एक प्लेट असते, घालायची आणि जेवताना काढायची. वर्षभरात दात पुष्कळ मागे येतात. उरलेलं बाराव्या वर्षी. म्हणजे तुझंही खरं आणि माझंही.

९ जून, सकाळी दहा वाजता तिचं नाव घातलंय. पहिल्या बसने निघालात तर वेळेत पोचाल.

रुस्नानी


तेलुक बायू
१८ जून १९९३

काक लाँग यांस,

९ तारखेला येऊ शकलो नाही, माफ करा. वानीला आदल्या दिवशी ताप भरला. आता बरी आहे. डॉक्टरांची वेळ फुकट गेली, त्यांनाही माझ्याकडून माफी सांगा.

पुढची तारीख एवढ्यात घेऊ नका. तिची परीक्षा आहे, मग कुराणपठणाचे वर्ग आहेत, आणि मग पाऊस सुरू होईल. पुढच्या वर्षी बघू.

बेदाह


तेलुक बायू
११ जुलै १९९३

माक लाँग,

मी वानी, तुमची भाची. हे पत्र मी स्वतः लिहितेय आणि माझ्या मा-ला सांगितलेलं नाही. तिकीट शेजारच्या सीती आपाने दिलं.

मला ताप आला नव्हता. आम्ही नवे कपडे घालून बसथांब्यावर गेलो होतो. तिथे एक बोकड बाकावर चढून बसला होता आणि कोणाला बसू देत नव्हता. मग बस आली. मी म्हटलं, मा, बस आली. मा म्हणाली, ती आपली नाही. पण बसवर कुआला तेरेंगानू लिहिलं होतं. मला वाचता येतं.

मग आम्ही घरी आलो आणि माने मला साखरेची पोळी करून दिली.

प्लेट घातली की दुखतं का? दुखलं तरी मी रडणार नाही. शाळेत मला खवणी म्हणतात. नारळ घेऊन येतात आणि म्हणतात, "ए खवणी, एवढा खवून दे." पठणाच्या स्पर्धेत मी निवडले गेले होते, पण व्यासपीठावर तोंड उघडावं लागतं म्हणून मी नाही म्हटलं. कुराण शिकवणाऱ्या उस्ताझा रागावल्या.

मी हसले की मा माझ्याकडे बघत बसते आणि मग उठून स्वयंपाकघरात जाते. तिलाही माझे दात आवडत नसतील. मग ती मला आणत का नाही?

तुम्ही माला ओरडू नका.

तुमची,
सलवानी (वानी)


कुआला तेरेंगानू
३ ऑगस्ट १९९३

बेदाह,

ताप नव्हता. मला कळलं. कसं कळलं ते विचारू नकोस आणि कोणावर हातही उचलू नकोस.

तीन आठवडे राग गिळला, आता गिळवत नाही. चार वर्षांनी, पुढच्या वर्षी, परीक्षेनंतर, पावसानंतर. रोज नवं कारण. पोरीला शाळेत खवणी म्हणतात हे तुला ठाऊक आहे का? ठाऊक असून मला 'कोणी चिडवत नाही' असं लिहिलंस? मला खवणी नव्हते म्हणत, मला फावडं म्हणायचे. एकविसाव्या वर्षी मला बघायला आलेल्या बाईने माझ्यासमोर आईला विचारलं होतं, "हिचं तोंड बंद होतं ना?" मी अजून एकटी आहे. दातांमुळेच असं नाही म्हणत, पण तो प्रश्न अजून कानात आहे.

नवरा गेला की बाईचं डोकं बधिर होतं हे मला समजतं. पण त्याची शिक्षा पोरीने किती दिवस भोगायची? डेरामान असता तर पहिल्या बसने घेऊन आला असता. त्याने लेकीसाठी केलं असतं ते तुला करवत नसेल तर तसं सांग. मी येते आणि तिला घेऊन जाते.

रुस्नानी


तेलुक बायू
११ नोव्हेंबर १९९३

काक लाँग यांस,

तुमच्या पत्राला तीन महिने उत्तर दिलं नाही. त्यात खोटं काहीच नव्हतं, मग काय लिहिणार?

आता लिहावंच लागतंय. २७ ऑक्टोबरला वानी शाळेत पडली. दोन दिवस पाऊस चालला होता, व्हरांडा निसरडा झाला होता. ती तीन-चार पोरं दाराशी उभी होती. ती त्यांच्यासमोरून पळत निघाली. एका हातात चपला आणि दुसरा हात तोंडावर. पाय घसरला. हात टेकायला मोकळाच नव्हता, काक लाँग. गटाराची सिमेंटची कड थेट तोंडावर बसली.

उजवा दात अर्धा तुटला. डावा मुळासकट निघाला. ओठाला पाच टाके पडले, आणि तोंडावर धरलेल्या हाताची दोन बोटं आपल्याच दातांनी फाटली. निघालेला दात दुसऱ्या दिवशी शाळेच्या शिपायाला गटारात सापडला. मी धुऊन, स्वच्छ फडक्यात बांधून आरोग्य केंद्रात नेला. तिथला माणूस म्हणाला, "बाई, आता याचं काही होत नाही." मी तो घरी आणला.

वानी रडली नाही. मला म्हणाली, "मा, आता तरी नेशील का?"

आता खरं सांगते. कोणाला सांगितलेलं नाही.

९ जूनला आम्ही बसथांब्यावर गेलो होतो. माझं ठरलं होतं, खरंच ठरलं होतं. तिथे एक बोकड बाकावर चढून बसला होता. एक म्हातारा त्याला म्हणाला, "तिकीट काढलंस का रे?" आणि वानी हसली. हात न धरता, खळखळून. तो डेरामान होता, काक लाँग. तस्साच. दात आधी, आवाज मागून. बस समोर उभी होती, दार उघडं होतं. माझ्याने पायरी चढवेना.

त्याची मयत मिळाली नाही हे तुम्हाला माहीतच आहे. कबर नाही, की जाऊन बसावं. घरात त्याचे पाच फोटो आहेत आणि पाचही फोटोंत तोंड बंद. फोटोवाला म्हणायचा, "जरा हसा की," आणि हा ओठ आणखी घट्ट मिटायचा. निकाहच्या फोटोत तर कोणी त्याच्यावर रागावल्यासारखा दिसतो. तो हसायचा तसा कुठेच नाही. फक्त तिच्या तोंडात होता. तुम्ही लिहायचात, आठवं वर्ष. मी लिहायची, बारावं. मनात म्हणायची, चार वर्षं मिळाली. एम्बोंगचा नातू काय आणि शाळेतल्या बाई काय, जो हाताशी येईल त्याला मी पुढे करत होते.

माझ्या चार वर्षांसाठी माझ्या लेकीने दात घालवला.

तुम्ही घेऊन जाते म्हणालात. घेऊन जा. मी अडवणार नाही.

बेदाह


कुआला तेरेंगानू
१६ नोव्हेंबर १९९३

माझ्या बेदाह,

तुझं पत्र दवाखान्यात उघडलं. डॉक्टरांनी बाकीच्या मुलांना बाहेर बसवलं आणि मला पाणी दिलं. मी लेक घेऊन जाणार नाही. तुम्ही दोघी या. २३ तारखेला वेळ ठेवलीय. त्या दिवशी रस्त्यावर पाणी असेल तर त्याच्या दुसऱ्या दिवशी, नाहीतर तिसऱ्या. डॉक्टर म्हणाल्या, कधीही येऊ देत.

आता माझं ऐक.

पडलेला दात मुळाला हात न लावता दुधात टाकायचा आणि तासाभरात दवाखान्यात आणायचा. मग तो कधीकधी पुन्हा बसवता येतो. हे मी अठरा वर्षं रोज कोणत्या ना कोणत्या बाईला सांगते. भिंतीवर माझ्या अक्षरात लिहिलेलं आहे. तुला मी तीन पत्रं लिहिली. आठवं वर्ष, बारावं वर्ष, दहातली आठ, दहातली दोन. ही एक ओळ लिहिली नाही. मला तुला पटवायचं नव्हतं, हरवायचं होतं. तेव्हा दाताचा दोष एकटीच्या पदरात घेऊ नकोस, त्यातला अर्धा माझा आहे.

आणखी एक. माझ्या तारा निघाल्या त्या दिवशी डेरामान मला न्यायला आला होता. माझ्याकडे बघून म्हणाला, "काक लाँग, आता आपण भावंडं आहोत हे कोणी मानायचं नाही." आणि हसला. मला त्या दिवशी केवढा आनंद झाला होता! तो गेल्यापासून सकाळी आरशासमोर दात घासताना मी शोधते. माझ्या तोंडात तो असता. मीच काढून टाकला.

सोळा महिने मी तुझ्याकडे का आले नाही, माहीत आहे? वानीकडे बघवत नव्हतं म्हणून. तुझी नजर तिच्यावरून हलत नव्हती आणि माझी तिच्यावर ठरत नव्हती. ते दात लवकर मागे न्यायची माझी सगळी घाई वैद्यकाचीच होती, असं आता मला छातीवर हात ठेवून म्हणवत नाही. डॉक्टरांचं बरोबर होतं. पण डॉक्टरांच्या आड उभी राहून मी काय करत होते ते अल्लालाच ठाऊक.

ये गं. दोघी मिळून रडू आणि मग पोरीचं तोंड बघू.

तुझी,
रुस्नानी


तेलुक बायू
२८ डिसेंबर १९९३

माक लाँग,

मी वानी. या वेळी माला सांगून लिहितेय.

प्लेट रोज घालते. पहिले चार दिवस जबडा दुखला. मला 'स' म्हणता येत नाही, 'श' येतो. उस्ताझा म्हणतात मोठ्याने वाचत राहा, येईल. प्लेटला लावलेला खोटा दात छान आहे, पण मी जीभ लावली की हलतो. डॉक्टरांनी अर्ध्या दाताला पांढरं सिमेंट लावून पुरा केला तो कोणालाही ओळखू येत नाही. मी सगळ्यांना विचारते, यातला खरा कोणता? सगळे चुकतात.

तोंडात ते गुलाबी पीठ भरलं होतं तेव्हा मला ओकारी आली आणि तुमच्या गणवेशावर सांडलं. डाग गेला का?

मा आता रात्री माझ्याजवळ झोपते.

वानी


कुआला तेरेंगानू
२० जानेवारी १९९४

प्रिय बेदाह,

वानीला सांग, डाग गेला. अशा डागांची मला सवय आहे.

एक विचारायचं होतं. त्या दिवशी गुलाबी पीठ भरून वानीच्या दातांचा ठसा घेतला ना, त्यात प्लास्टर ओतून तिच्या तोंडाचा साचा केलाय. प्रत्येक मुलाचा करतात, उपचार सुरू होण्याआधी कसं होतं ते कळावं म्हणून. काल फडताळ आवरताना तो हातात आला. पांढरा, तळहाताएवढा. बाहेर झुकलेला उजवा अर्धा दात आणि शेजारी खाच.

तुम्ही एप्रिलनंतर लगेच आला असतात तर या साच्यात दोन्ही दात असते. तुला कायमचे ठेवता आले असते, आणि पोरीचेही वाचले असते. मला साच्याचं तेव्हा सुचलंच नाही. सुचलं असतं आणि लिहिलं असतं, तर तू त्या बसमध्ये चढली असतीस.

आमचे दातांचे कारागीर पाक हमीद म्हणाले, "दोन्ही दात मी प्लास्टरमध्ये घडवून देतो. तुमच्या भावाचे होते तसे. फक्त कसे होते ते सांगा. कोणता कोणावर चढलेला, मध्ये फट किती." मी सांगायला लागले आणि अडखळले. तो माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान, मी शहरात आले तेव्हा त्याचे दुधाचे दात होते, आणि मोठेपणी भेटायचा तो सणासुदीलाच. तुला नक्की आठवत असेल. लिही. तसे करून घेते आणि पाठवते.

रुस्नानी


तेलुक बायू
६ फेब्रुवारी १९९४

काक लाँग यांस,

तुमचं पत्र आल्या दिवसापासून मी हेच करतेय.

मला वाटलं, यात काय, मला ठाऊक आहे. कागदावर काढायला बसले. उजवा डाव्यावर चढलेला काढला. तो बरोबर वाटेना म्हणून डावा उजव्यावर काढला. तोही बरोबर वाटला नाही. मग धक्क्यावर गेले. पाक सू जुसोह त्याच्याबरोबर बोटीवर आठ वर्षं होते. म्हणाले, "उजवा वर होता. मी शपथेवर सांगतो." चहावाला म्हणाला, "छे, मध्ये फट होती, शीळ घालायचा की त्यातून." माझी आई म्हणाली, "एवढे काही पुढे नव्हते त्याचे दात, तुम्ही उगीच वाढवून सांगता." तिघांनी तीन डेरामान सांगितले आणि तिघांशीही मला भांडता येईना.

घरी येऊन डोळे मिटले. तो बोटीतून उतरतोय, माझ्याकडे बघून हसतोय. नीट बघायला गेले तर ते तोंड वानीचं होतं. पडण्याआधीचं. केव्हापासून असं झालं ते मला सांगता येत नाही. त्याचं म्हणून मी जे बघत बसायची, ते पहिल्यापासून तिचंच असणार. आणि मी उठून स्वयंपाकघरात जायची, तेव्हा तिला वाटायचं की माला माझं तोंड आवडत नाही. हे तिने मला गेल्या आठवड्यात विचारलं. मी तिला सगळं सांगितलं. बोकड, बस, सगळं. तिने ऐकून घेतलं. म्हणाली, "मग तेव्हाच सांगायचं ना. मी तुला आधी पोटभर हसून दाखवलं असतं आणि मग गेलो असतो."

पाक हमीदना माझा सलाम सांगा आणि म्हणावं, साच्याला हात लावू नका. अर्धा दात अर्धाच राहू द्या, खाच तशीच राहू द्या. दवाखान्याला लागणार असेल तर तिथेच ठेवा, नाहीतर पुढच्या महिन्यात तपासणीला येऊ तेव्हा मी घेऊन जाईन. फक्त खाली तुमच्या अक्षरात नाव घाला. सलवानी, डेरामानची मुलगी. वय वर्षं आठ.

तुमची,
बेदाह